देवळीचा ताम्रपट आणि देवळीची सरकी

१

वर्धा शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें पांच-साडेपांच कोसांवर, यवतमाळच्या वाटेवर, देवळी हें गांव आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस हें नांव अपरिचित नाहीं. राष्ट्रकूट नृपति तिसरा कृष्ण याचा शके ८६२, शार्वरी संवत्सर, म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट या गांवीं उपलब्ध झाला, आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं तो संपादून 'एपिग्राफिया इंडिका'च्या पांचव्या खंडांत प्रसिद्ध केला. कृष्णराजानें आपला बंधु जगत्तुंग याच्या पुण्यार्थ दिलेल्या ग्रामदानाचें हें शासन आहे. राष्ट्रकूटांच्या वंशावळीसाठीं त्याचें महत्त्व मोठें आहेच. शिवाय 'नागपुर' या नांवाचा अतिप्राचीन उल्लेख म्हणूनहि वऱ्हाड-नागपूरकडील मंडळी या लेखाचा अभिमान बाळगतात.

या ताम्रपटासंबंधीं एक गोष्ट आमच्या आजच्या विषयाला उपयोगी आहे. पट सांपडला देवळीस. परंतु दान दिलेलें गांव देवळीचें नव्हे, देवळीच्या शिवेचेंहि नव्हे. तें नागपुर-नंदिवर्धन या विभागांतील आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळील नगरधन. आणि सीमेवर सांगितलेली नदी ती आजची कन्हान, असें ओळखण्यांत आलें आहे. म्हणजे लेख आपल्या जन्मस्थानापासून नागपुराच्याहि अलीकडे, पुष्कळ कोस दूर येऊन पडला. तरी त्याची ओळख बुडाली नाहीं. कां? तर दाता, प्रतिग्रही, शक, संवत्सर आणि चतुःसीमा हीं सर्व त्याच्या अंगावरच कोरलेलीं आहेत. पट कोठेंहि जावो, आपलें गांव तो आपणच सांगतो.

देवळीचें दुसरें वैभव कापसाचें. या कापसाची सरकीहि गेल्या दीडशें वर्षांत अशीच ठिकठिकाणीं गेली. परंतु सरकीवर कांहीं कोरलेलें नसतें. तिचें गांव, तिचें नांव, ती देणाराचें नांव हीं वेगळ्या कागदावर लिहून ठेवावीं लागतात. तो कागद हरवला कीं पुराव्याच्या दृष्टीनें ती निनांवी झाली. अलीकडे जीवशास्त्राच्या हातीं अशीं साधनें आलीं आहेत कीं, त्यांच्या योगानें निनांवी सरकीहि कांहीं प्रमाणांत बोलूं लागते. हीं साधनें कोणतीं, त्यांची शक्ति किती, आणि त्यांना आमच्या वाचकांच्या पेटाऱ्यांतील जुन्या कागदांची गरज कां लागते, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

वर्धा नदीच्या खोऱ्यांतील काळी जमीन कपाशीस किती मानवते हें सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकांत येथील कापूस विलायतेच्या बाजारांत 'हिंगणघाट' या नांवानें ओळखला जाई. हें नांव पेठेचें होतें, शेताचें नव्हे. देवळी, आर्वी, पुलगांवकडील मालहि चांगला ठरला म्हणजे हिंगणघाटच्याच नांवावर खपे. एका गांवचा पट दुसऱ्या गांवीं सांपडावा, तशी एका गांवची रुई दुसऱ्या गांवच्या नांवानें विकली जाई. संशोधकाच्या दृष्टीनें येथेंच पहिला घोटाळा आहे.

या मुलखांत पेरल्या जाणाऱ्या देशी कपाशीचे स्थूलमानानें दोन प्रकार जुन्या सरकारी लेखांत येतात. पहिला 'बन्नी', मराठवाडा-निजामशाहीकडे हिच्याच जातकुळीची कपाशी 'गावरानी' म्हणून प्रसिद्ध होती. हिचा धागा लांब, मऊ आणि रेशमासारखा. परंतु लोढली असतां रुई थोडी निघते, शेंकडा पंचवीस-अठ्ठावीसच्या आसपास. दुसरा प्रकार 'जरी'; 'काटेविलायती' हेंहि नांव आढळतें. हिचा धागा आंखूड व खरबरीत. परंतु झाड कणखर आणि रुई अधिक. पुढें या सरमिसळींतून निवडून काढलेली, पांढऱ्या फुलाची 'रोझियम' नांवाची जी कपाशी सरकारी शेतकी खात्यानें पसरविली, तिच्या रुईचें प्रमाण शेंकडा चाळिसाच्या घरांत जाई.

इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस हिंदुस्थानच्या कापसाची निकड लागली. वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला, आणि १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाड यांकरितां कापूस-कमिशनर म्हणून हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा अधिकारी नेमला गेला. १८६७-६८ सालचा त्याचा अहवाल या विषयाचें एक मुख्य साधन आहे. चांगलें बीं कोणतें, तें कोठें मिळतें, त्यांत भेसळ कशी शिरते, याकडे त्याचें लक्ष होतें. अर्थात् तें लक्ष मँचेस्टरच्या हितासाठीं होतें, रयतेच्या हितासाठीं नव्हे, हें विसरतां कामा नये.

आमच्या वाचकांस या गृहस्थाचें नांव दुसऱ्या एका कारणानें ठाऊक असेल. मध्य हिंदुस्थानांतील शिळावर्तुळें, खडकांवर कोरलेल्या वाटीसारख्या खुणा आणि मित्र राजांचीं नाणीं यांवर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत लिहिणारा रिव्हेट-कार्नॅक तो हाच. नाणें कोठें सांपडलें हें तो लिहून ठेवी, आणि सरकी कोठून आली हेंहि विचारी. पुराणवस्तूंचा शोध व बियाण्याचा शोध हे दोन धंदे परके नाहींत, याचा हा जुना दाखला आहे.

३

मग बन्नी गेली कोठें? तिचा ऱ्हास कोणा एकाच्या दुष्टपणानें झाला नाहीं; तो हिशेबानें झाला. त्या हिशेबाचीं कलमें अशीं.

पहिलें कलम भावाचें. बाजारांत बन्नीच्या रुईस जो चढा भाव मिळे तो रुईच्या कमीपणाची भरपाई करण्याइतका नेहमीं नसे. शंभर शेर कापसांतून पंचवीस शेर रुई देणारें झाड आणि चाळीस शेर देणारें झाड यांत कास्तकारानें दुसरें निवडलें तर त्यास दोष देतां येत नाहीं. शिवाय जरी कमी पावसांतहि तग धरी.

दुसरें कलम लोढण्याचें, आणि आमच्या मतें तेंच अधिक महत्त्वाचें. जोंपर्यंत घरोघर हातचरखीवर कापूस लोढला जात होता तोंपर्यंत आपल्या शेताची सरकी आपल्याच घरीं राही. बायका लोढतांना चांगल्या बोंडांचें बीं बाजूस काढून ठेवीत. वाफेच्या जिनांची भरभराट झाली, आणि कापूस गाडीनें जिनांत जाऊं लागला. तेथें दहा गांवांचा माल एकत्र लोढला जाई, आणि पेरणीपूर्वीं शेतकऱ्यानें जिनांतून आणलेली सरकी ही दहा गांवांची असे. पुढल्या वर्षीं तीच सरमिसळ शेतांत उगवे. कपाशीच्या फुलावर मधमाशा बसतात व परपरागण होतें. तेव्हां शेतांतल्या शेतांत संकरहि होई. दहा पोथ्यांचीं पानें एका बासनांत बांधावीं, मग नकलकारानें त्याच क्रमानें नवी पोथी उतरावी, आणि असें पन्नास वर्षें चालावें, त्यांतला हा प्रकार.

तिसरें कलम नोंदीचें. मिसळ होत आहे हें सर्वांस दिसत होतें. वर्धा जिल्ह्याचें १९०६ सालचें गॅझेटियर निघालें तेव्हां बन्नी मागें पडल्याचें गुपित राहिलें नव्हतें. पण कोणत्या गांवीं, कोणाच्या शेतांत, कोणत्या सालापर्यंत निर्भेळ बन्नी होती, याची सलग नोंद कोणी ठेवली नाहीं. याच सुमारास पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक गॅमी यांनीं हिंदी कपाशींचें वर्गीकरण केलें, आणि १९०७ सालीं सर जॉर्ज वॅट यांचा जगांतील रानटी व लागवडीच्या कपाशींवरील ग्रंथ निघाला. झाडांचीं नांवें ठरलीं. परंतु नांवें ठरेपर्यंत झाडेंच मिसळून गेलीं होतीं.

यापुढील हकीगत थोडक्यांत सांगतां येते. १९२१ सालीं मध्यवर्ती कापूस समिति स्थापन झाली. तिच्या साह्यानें १९२४ सालीं माटुंग्यास कापसाची तांत्रिक प्रयोगशाळा आणि इंदुरास सर आल्बर्ट हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखालीं वनस्पति-उद्योग संस्था निघाली. इंदूरच्या याच संस्थेंत जे. बी. हचिन्सन व विनायक गोविंद पानसे यांनीं कपाशीच्या आनुवंशिकतेवर व शेतांतील प्रयोगांच्या गणितावर काम केलें. अकोल्याच्या बाजूस 'व्हेरम २६२' सारखी बरी देशी कपाशी निवडून काढण्यांत आली. तथापि स्वातंत्र्यानंतर ओघ अमेरिकन कपाशीकडे वळला. १९४७ सालीं देशांतील कपाशीचें शेंकडा सत्त्याण्णवच्या सुमारास क्षेत्र देशी जातींखालीं होतें, असा हिशेब दिला जातो. १९७० सालीं सुरतेस डॉ. चंद्रकांत पटेल यांनीं 'एच-४' हा संकर दिला. २००२ सालच्या मार्चमध्यें बीटी कपाशीस परवानगी मिळाली. आणि आज तें प्रमाण उलटें झालें आहे. देवळीच्या शिवारांत आज जी पऱ्हाटी उभी असते ती बहुतेक सर्व या नव्या कुळींतील आहे.

४

आतां नव्या साधनांकडे वळूं. प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, कापूस हा केवळ व्यापाराचा जिन्नस नसून जीवशास्त्राचें एक आवडतें साधन आहे. कापसाचा एक तंतु म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी होय. फूल उमलतें त्या दिवशीं ती फुगूं लागते, आणि दोन-तीन आठवड्यांत एक इंचापर्यंत वाढते. एकच पेशी एवढी लांब कशी होते, तिची भिंत कशी बनते, वाढ केव्हां थांबते, हे प्रश्न सर्व सजीवांच्या वाढीसंबंधींचे आहेत. आणि त्यांचा अभ्यास करण्यास कापसाइतकें सोयीचें दुसरें द्रव्य विरळाच.

दुसरा प्रश्न कुळाचा. लागवडीच्या कपाशी चार. त्यांपैकीं आपल्याकडील दोन, आर्बोरियम व हर्बेशियम, यांच्या पेशींत २६ गुणसूत्रें असतात. अमेरिकेकडील दोन, हिर्सुटम व बार्बाडेन्स, यांत ५२. १९३४ सालीं स्कोव्हस्टेड यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, हीं ५२ म्हणजे जुन्या जगाची २६ आणि अमेरिकेच्या रानटी कपाशीचीं २६ यांचा मेळ होय. १९३७ सालीं कोल्चिसीन या द्रव्यानें गुणसूत्रें दुप्पट करतां येतात असें आढळून आलें. आणि १९४० सालीं बीसली यांनीं आर्बोरियम कपाशीचा अमेरिकन रानटी कपाशीशीं संकर करून, त्याचीं गुणसूत्रें कोल्चिसीननें दुप्पट करून, तो मेळ प्रत्यक्ष घडवून दाखविला. हा मेळ निसर्गांत दहा ते वीस लक्ष वर्षांपूर्वीं झाला असावा असें आज मानतात.

तिसरें साधन अगदीं अलीकडचें. जीवाच्या पेशींतील डीएनए ही चार अक्षरांची एक लांबलचक लिपि आहे, आणि ती वाचण्याचीं यंत्रें गेल्या पंचवीस वर्षांत इतकीं स्वस्त व वेगवान झालीं आहेत कीं, पूर्वीं ज्या कामास अनेक देशांच्या प्रयोगशाळा लागत तें आतां एक प्रयोगशाळा करूं शकते. २०१२ सालीं अमेरिकेच्या रानटी रायमोंडाय कपाशीचा, २०१४ सालीं आर्बोरियमचा आणि २०१५ सालीं हिर्सुटमचा संपूर्ण लेख, म्हणजे ज्यास जीनोम म्हणतात तो, प्रसिद्ध झाला. 'कॉटनजेन' नांवाच्या सार्वजनिक कोशांत हे लेख कोणासहि पाहतां येतात. बन्नी, गावरानी, जरी, रोझियम या सर्व आर्बोरियम कुळांतील होत. म्हणजे देवळीच्या कपाशीची मूळ लिपि वाचण्यास लागणारी बाराखडी आज सर्वांस खुली आहे.

चौथें साधन बियाण्याच्या पेढ्यांचें. १९७६ सालीं नागपुरास केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या संग्रहांत कपाशीचे दहा हजारांहून अधिक नमुने आहेत. दिल्लीस राष्ट्रीय जनुकपेढी आहे. तेथें नीट वाळविलेलें बीं शून्याखालीं अठरा-वीस अंश थंडींत ठेवितात. महाराष्ट्र सरकारनें २०२२ सालीं महाराष्ट्र जनुक कोश या प्रकल्पास मान्यता दिली असून, त्यांत पिकांच्या स्थानिक वाणांचाहि अंतर्भाव आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें 'एकेए ८४०१' सारखे, आणि परभणीच्या विद्यापीठानें 'पीए २५५' व 'पीए ४०२' यांसारखे देशी वाण दिले आहेत. यांपैकीं परभणीच्या वाणांचा धागा देशी कपाशीच्या मानानें लांब आहे. देशी म्हणजे आंखूडच, हा समज त्यांनीं खोटा ठरविला.

५

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, मग अडचण कसली? बीं पेढींत आहे, बाराखडी हातीं आहे, यंत्र तयार आहे. बन्नी ओळखून काढावी म्हणजे झालें. येथेंच हस्तलिखितांच्या अभ्यासकाचा अनुभव उपयोगी पडतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें आणि डॉ. वि. सी. सुकथनकर यांच्या संपादनाखालीं १९३३ सालीं आदिपर्व पूर्ण झालें. निरनिराळ्या लिपींतील पोथ्या जुळवून, पाठभेदांवरून त्यांचा वंशवृक्ष मांडण्याची त्यांची रीति सर्वांस ठाऊक आहे. दोन पोथ्यांत तीच चूक असेल तर त्यांचा पूर्वज एक असण्याचा संभव अधिक, हें तिचें सूत्र. जनुकशास्त्रज्ञ बियाण्याचा वंशवृक्ष काढतात तो याच सूत्रावर. पाठभेदाच्या जागीं डीएनएच्या अक्षरांतील फरक घेतात, इतकेंच. हें साम्य आमच्या कल्पनेचें नव्हे. १९९८ सालीं इंग्लंडांतील कांहीं विद्वानांनीं जीवशास्त्राचें हेंच गणित चॉसर कवीच्या काव्यांतील एका भागाच्या ५८ पोथ्यांस लावून त्यांचा वंशवृक्ष काढला, आणि तो 'नेचर' या शास्त्रीय पत्रांत छापला गेला.

पोथ्यांच्या अभ्यासांत असेंहि अनेकदां घडतें कीं, दोन शाखा हातीं असतात, पण दोहोंची मूळ प्रत नष्ट झालेली असते. कपाशीचेंहि तसेंच निघालें. अमेरिकन कपाशीस तंतु देणारा पूर्वज आर्बोरियम कीं हर्बेशियम, हा वाद पुष्कळ वर्षें चालला. २०२० सालीं एका अभ्यासगटानें जीनोम जुळवून असा निष्कर्ष काढला कीं, दोन्हीहि नव्हेत; दोहोंचा आतां नष्ट झालेला सामाईक पूर्वज हाच तो असावा.

परंतु वंशवृक्ष काढणें एक, आणि फांदीला नांव देणें दुसरें. यंत्र एवढेंच सांगेल कीं, अमुक नमुना तमुक नमुन्याच्या जवळचा आहे. तो 'बन्नी' आहे हें यंत्र सांगत नाहीं. तें सांगण्यास ज्याच्या नांवाबद्दल संशय नाहीं असा एक तरी नमुना आधीं हातीं असावा लागतो. अक्षरवाटिकेवरून पोथीचा काळ ठरवितांना शक घातलेल्या कांहीं पोथ्या आधाराला लागतात, तसेंच हें. पेढींतील पाकिटावर 'बन्नी' असें लिहिलें आहे एवढ्यानें भागत नाहीं. तें बीं कोणत्या सालीं, कोणत्या गांवाहून, कोणाकडून आलें? पेढींत आल्यानंतर किती वेळां पेरून नवें केलें? पेढींतील बियाण्याची उगवण कमी झाली म्हणजे तें पेरून नवें बीं धरावें लागतें. अशा वेळीं कळीचें टोंक दोऱ्यानें बांधून परपराग टाळतात. तें न केल्यास शेजारच्या जातीचा पराग शिरतो. प्रत्येक पेरणी ही एक नक्कल आहे, आणि नकलकाराची डुलकी येथेंहि भोंवते.

६

नोंद शिल्लक असली म्हणजे काय साधतें, याचा एक दाखला आपल्या कपाशीच्या भावकींतलाच आहे. ढाक्याची मलमल ज्या 'फुटी कार्पास' नामक कपाशीपासून होई ती एकोणिसाव्या शतकांत लागवडींतून गेली. तीहि आर्बोरियम कुळांतलीच. गेल्या दहा-बारा वर्षांत बांगलादेशांतील 'द्रीक' या संस्थेच्या सैफुल इस्लाम यांच्या मंडळीनें लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिसंग्रहांत जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांशीं मेघना नदीकांठच्या रानटी झाडांची तुलना केली, त्यांतील जवळचें झाड निवडून लावलें, आणि त्याच्या सुताच्या मिश्रणानें बारीक मलमल विणवून घेतली. झाड हुबेहूब तेंच ठरलें असें नाहीं, जवळचें ठरलें. पण तुलनेस आधार काय होता? कोणी तरी शेंदीडशें वर्षांपूर्वीं एक फांदी कागदावर चिकटवून खालीं ठिकाण व नांव लिहून ठेविलें होतें, हाच.

अशा उद्योगाची मर्यादाहि स्पष्ट सांगितली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वींच्या शेतांतील बन्नी ही एकच एक शुद्ध वंशरेषा होती असें समजण्याचें कारण नाहीं. शुद्ध वंशरेषेची कल्पनाच मुळीं १९०३ सालीं योहान्सन यांनीं मांडली. जुन्या शेतांत एकाच नांवाखालीं थोडीफार भिन्न झाडें नांदत, आणि कास्तकाराची निवड त्यांस एका वळणावर ठेवी. म्हणून बन्नीचें पुनरुज्जीवन हा शब्द आम्ही वापरीत नाहीं. जी गोष्ट साध्य आहे ती एवढीच: आज संग्रहांत किंवा एखाद्या आडवळणी शेतांत जें देशी बीं आहे, त्यांपैकीं कोणतें जुन्या वर्धा खोऱ्यांतील कपाशीचें वंशज आहे हें साधार ठरविणें.

तें ठरविण्याची निकड केवळ कुतूहलाची नाहीं. देशी कपाशींत रसशोषक किड्यांस व अवर्षणास तोंड देण्याचा गुण आहे हें सर्वमान्य आहे. वर्ध्या-यवतमाळच्या कोरडवाहू कास्तकाराचें त्यांतच हित गुंतलेलें आहे. शिवाय प्रश्न हक्काचाहि आहे. २००१ सालच्या वनस्पति-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या राखलेल्या वाणाची त्यांच्या नांवें नोंदणी करतां येते. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेनें समिति नेमून लोकजैवविविधता नोंदवही राखावी असें ठरलें. या नोंदवहीच्या कल्पनेमागें डॉ. माधव गाडगीळ यांचे परिश्रम मोठे आहेत. परंतु जुना वाण आमच्या गांवचा, हें म्हणण्यास पुरावा लागतो, आणि तो पुरावा कागदाचा असतो. देवळीच्या ताम्रपटानें राजाचें नांव हजार वर्षें राखलें. ज्यांनीं ती जमीन कसली त्यांचें नांव त्यांत नाहीं. बियाण्याच्या नोंदींतहि तोच अन्याय पुन्हां होऊं नये. नमुना गोळा करणाराचें नांव वहींत येतें. देणाऱ्या कास्तकाराचें किंवा तें बीं लोढतांना निवडून ठेवणाऱ्या बाईचें नांव पुष्कळदां येत नाहीं.

७

येथें आमच्या वाचकांचें काम सुरू होतें. मोडी कागदांच्या संग्राहकांस आजवर तहनामे, सनदा, निवाडे आणि बखरी यांचें आकर्षण अधिक राहिलें आहे, व तें योग्यच आहे. पण त्याच बासनांत अडत्यांच्या खतावण्या, रोजकीर्दी, मालगुजारांच्या घरचे कुळांचे हिशेब आणि सरकीच्या उधारीचीं टिपणें असतात. तीं किरकोळ म्हणून बाजूस पडतात. आमच्या मतें वर्धा खोऱ्याच्या कपाशीच्या इतिहासाचें अस्सल साधन तेंच आहे. एखाद्या खतावणींत 'बन्नी' व 'जरी' अशीं दोन नांवें निरनिराळ्या भावांनीं आलीं असतील, तर त्या सालीं त्या पेठेंत दोन्ही ओळखून निराळ्या विकल्या जात होत्या हें सिद्ध होतें. ज्या सालापासून हीं नांवें जाऊन नुसता 'कापूस' उरतो, तें साल मिसळीचें समजावें. सरकी उसनी दिल्याच्या टिपणांत देणारा व घेणारा यांचीं गांवें असतात. तेवढ्यावरून बियाण्याचा प्रवास काढतां येतो. कोणत्याहि यंत्रास हें सांगतां येणार नाहीं.

म्हणून असे कागद हातीं आल्यास पुढील गोष्टी नोंदवाव्या. कपाशीचें नांव जसें लिहिलें असेल तसेंच, शुद्धलेखन न सुधारतां, उतरून घ्यावें. साल फसली, शालिवाहन कीं इसवी हें लिहावें. भाव कोणत्या मापाचा, खंडीचा कीं बोज्याचा, तें नमूद करावें. गांवाचें नांव आजच्या तालुक्यासह द्यावें, आणि कागद मूळ कोठें होता व कोणत्या मार्गानें आपणांकडे आला हेंहि लपवूं नये. जुन्या उश्या, गाद्या, देव्हाऱ्यांतील वातींचा कापूस किंवा गाडग्यांत राहिलेली सरकी सांपडल्यास ती धुवूं नये, उन्हांत ठेवूं नये. कोरड्या कागदांत गुंडाळून, स्थळ व तारीख लिहून, संशोधन संस्थेस दाखवावी. इतकें जुनें बीं उगवणार नाहीं. पण न उगवणारी सरकीहि कधीं कधीं वाचतां येते. तिच्या डीएनएचे तुकडे झालेले असतात, आणि तुकडे जुळवून वाचण्याची कला शिलालेखांच्या अभ्यासकांस नवी नाहीं.

याच्या उलट, शास्त्रज्ञांसहि आमची एक विनंति आहे. पेढीच्या नोंदवहींत नमुन्याचा केवळ क्रमांक देऊन थांबूं नये. जुन्या वह्या, पाकिटांवरील हस्ताक्षरें आणि पत्रव्यवहार हे बियाण्याइतकेच जपावे. संगणकांत आंकडे उतरले म्हणून मूळ वही रद्दींत गेली, तर पुढील पिढीस पाठ तपासण्यास जागाच राहणार नाहीं. ताम्रपट छापून झाला म्हणून कोणी वितळवीत नाहीं.

आज स्थिति अशी आहे कीं, एका बाजूस नांव आहे पण त्याचें बीं कोणतें तें ठाऊक नाहीं. दुसऱ्या बाजूस बीं आहे पण त्याच्या नांवाची खात्री नाहीं. नांव कागदांत आहे, बीं पेढींत व शेतांत आहे. आणि दोहोंची गांठ घालून देईल असें यंत्र आतां हातीं आलें आहे. उणीव आहे ती दोन्हीकडील माणसांच्या परिचयाची. देवळी व तिच्या आसपासच्या गांवांतील ज्या मंडळींच्या घरीं जुनीं दप्तरें असतील त्यांनीं तीं एकवार या दृष्टीनें चाळावीं. कपाशीच्या नांवाचा एक जरी साधार उल्लेख सालासह हातीं आला, तरी तो या त्रैमासिकांत आनंदानें छापला जाईल.